‘फ्रेंच कॅनकॅन’ (1955): पाहण्याआधी आणि पाहून झाल्यावर पडणारे प्रश्न

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वारचा हा सिनेमा कुणालाही सुचवला की थोड्याफार फरकाने हेच प्रश्न येतात. शेवट फोडलाय, तेव्हा कोऱ्या पाटीने पाहायचा असेल तर पहिली दोन उत्तरं वाचून थांबा.

गोष्ट काय आहे? थोडक्यात सांगा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं पॅरिस. आंरी दांग्लार (ज्याँ गाबँ) हा क्लबवाला अंगाने राजबिंडा, खिशाने कफल्लक. त्याच्या क्लबमध्ये लोला नावाची सुंदरी पौर्वात्य थाटाचा नाच करते, आणि क्लबला पैसा पुरवणारा बॅरन वाल्टर लोलावर लट्टू आहे. लोलाचं मन मात्र दांग्लारवर. एका रात्री ही सगळी श्रीमंत मंडळी गंमत म्हणून माँमार्त्रच्या टेकडीवरच्या ‘रेन ब्लांश’ या साध्या नाचघरात जातात. तिथे कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात राबणारी निनी बेभान नाचत असते. दांग्लारच्या डोक्यात चक्र फिरतं: जुना कॅनकॅन नाच पुन्हा आणायचा, याच जागेवर नवं थिएटर उभारायचं आणि टेकडीवरच्या पोरींना नाचवून बड्या लोकांकडून तिकिटाचे पैसे घ्यायचे. त्या थिएटरचं नाव मुलाँ रूज, म्हणजे लाल पवनचक्की.

पुढे पैसा येतो, जातो, पुन्हा येतो. बायका भांडतात, पुरुष रुसतात. निनीच्या मागे तिघे: बेकरीत काम करणारा पॉलो, एक हळवा परदेशी राजपुत्र आणि तिला स्वतःला हवा असलेला दांग्लार.

याला विनोदी का म्हणतात? मला तर मधेमधे वाईट वाटलं.

वाटणारच. हसून हसून मुरकुंडी वळावी असा हा सिनेमा नाही. त्याचा विनोद गडबडीचा आहे. थिएटरच्या पायाभरणीला मंत्रिमहोदय आले असताना लोला निनीवर तुटून पडते, त्या दोघींचं भांडण बघता बघता अख्ख्या गर्दीची मारामारी होतं, आणि मत्सराने पेटलेला पॉलो दांग्लारला पायाच्या खड्ड्यात ढकलून देतो. राजपुत्र प्रेमभंगाने स्वतःवर गोळी झाडतो, पण वाचतो. म्हणजे ऐवज शोकांतिकेचा आणि चाल फार्सची. कुणाचंच दुःख इथे फार वेळ पडद्यावर टिकत नाही, कारण तालमीला उशीर होत असतो.

हे सगळं खरं घडलं होतं का?

जागा खरी, साल साधारण खरं, माणसं बनवलेली.

खरं मुलाँ रूज 6 ऑक्टोबर 1889 रोजी पॅरिसच्या क्लिशी बुलेव्हारवर उघडलं. आयफेल टॉवरचंही तेच वर्ष. त्या जागी पूर्वी रेन ब्लांश नावाचं नाचघर होतं, हेही खरं. मुलाँ रूज उभारणारे दोघे होते, शार्ल झिडलर आणि जोसेफ ओलेर. ओलेर मूळचा कातालान, धंद्याचं नाक असलेला माणूस. घोड्यांच्या शर्यतीत सगळ्यांच्या पैजांचे पैसे एकत्र करून ते जिंकणाऱ्यांत वाटायची पद्धत त्याच्या नावावर जमा आहे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘टोट’च्या खिडकीपाशी उभं राहिलेल्यांना ती सांगायला नको. झिडलर हा करमणुकीच्या धंद्यात मुरलेला, रोज रात्री स्वतः हजर राहणारा मालक. दांग्लार म्हणजे मुख्यतः झिडलर, पण प्रेमप्रकरणं आणि कर्जं रेन्वारने आपल्या पदरची घातली आहेत.

पडद्यावरचा लवचिक, लांबोडका नाचणारा कासिमीर (फिलिप क्ले) मात्र थेट ओळखू येतो. खऱ्या मुलाँ रूजमधल्या ‘हाडं नसलेल्या’ व्हालाँतँचा तो पडद्यावरचा अवतार. उंच टोपी, लांब नाक आणि रबरासारखे पाय. चित्रकार तुलूझ-लोत्रेकच्या 1891 च्या प्रसिद्ध पोस्टरवर समोर करड्या रंगात जी पुरुषाची आकृती दिसते, ती त्याचीच.

मग निनी कोण?

एक अशी कुणी नाही. निनी नावाची एक नर्तकी त्या काळात होती, पाय हवेत फेकण्यावरून तिचं टोपणनाव पडलं होतं. पण निनीच्या मागे खरी सावली आहे ती लुईज वेबेरची. तिला सगळं पॅरिस ‘ला गूल्यू’ म्हणायचं, म्हणजे अधाशी. टेबलांमधून नाचत जाताना ती गिऱ्हाइकांचे ग्लास रिकामे करायची. तीही कपडे धुणाऱ्यांच्या घरातलीच. 1895 मध्ये मुलाँ रूज सोडून तिने जत्रेत स्वतःचा तंबू थाटला. त्या तंबूच्या दर्शनी भागासाठी लोत्रेकने रंगवलेले मोठे पडदे आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. तंबू चालला नाही. 1929 मध्ये ती गेली तेव्हा तिच्याजवळ काहीही उरलं नव्हतं.

सिनेमा इतका पुढे जात नाही, पण ही गोष्ट तो विसरलेलाही नाही. रस्त्यावर भीक मागणारी एक म्हातारी येते, प्रुनेल. एके काळी ती कॅनकॅनची राणी होती. दांग्लार तिला ओळखतो, पैसे देतो. काही सेकंदांचं काम आहे, पण निनीचं पुढे काय होऊ शकतं ते प्रेक्षकाला तिथेच कळून चुकतं. दिग्दर्शक त्यावर अश्रू ढाळत बसत नाही, हे मला फार आवडतं.

कॅनकॅन म्हणजे नक्की कोणता नाच?

साधारण 1830 च्या सुमारास पॅरिसच्या कष्टकरी वस्त्यांतल्या नाचघरांत तो सुरू झाला. क्वाड्रिल नावाच्या जोडीने करायच्या नाचाच्या शेवटच्या भागात लोक मोकाट सुटायचे, त्यातून तो निघाला. सुरुवातीला पुरुषही तितकेच नाचत. रंगमंचावर रांगेने उभ्या बायका, एकसारखे पाय, हे रूप बरंच नंतरचं.

यात चार-पाच ठरलेल्या कसरती असतात: उंच लाथ, एका हाताने घोटा डोक्याजवळ धरून दुसऱ्या पायावर गिरकी, हातांवर कोलांटी, आणि उडी मारून दोन्ही पाय फाकवून थेट जमिनीवर बसणं. शेवटची पाहताना आपल्यालाच कळ येते. त्या काळी बायकांच्या आतल्या विजारींना मधे शिवण नसायची, त्यामुळे हा नाच म्हणजे पोलिसांच्या देखरेखीचा विषय होता.

सिनेमातला सर्वांत चांगला भाग इथेच आहे असं माझं मत. मादाम गिबोल नावाची जुनी नर्तकी या पोरींना शिकवते. काठीचा ठोका, आखडलेल्या मांड्या, कण्हणं, पुन्हा तेच. पाय फाकवायची कसरत जमत नाही म्हणून पोरी एकमेकींना धरून खाली दाबतात. कपडे पिळून पिळून दंड भरलेल्या या मुली नाचाकडेही अंगमेहनतीचं काम म्हणूनच बघतात. शेवटचा नाच आपल्याला जो वेड लावतो, त्याचा हिशेब या खोलीत आधीच चुकता झालेला असतो.

ती प्रसिद्ध कॅनकॅनची धून याच सिनेमातली का?

नाही. सगळ्यांच्या कानात असलेली धून संगीतकार ऑफेनबाखची, 1858 च्या एका ऑपेरेटातली, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिकेतली. तिथे ती कॅनकॅन म्हणून नव्हती, मागाहून या नाचाला चिकटली. सिनेमाचं संगीत जॉर्ज व्हान पारिसचं आहे.

मग ते खिडकीतलं गाणं?

‘कोंप्लँत द ला ब्यूत’, म्हणजे टेकडीचं रडगाणं. संगीत व्हान पारिसचं आणि शब्द खुद्द रेन्वारचे. टेकडीच्या पायऱ्या गरिबांना फार दमवतात, पण पवनचक्क्यांचे पंख प्रेमिकांना सावली देतात, असा त्याचा आशय. गाणारी एस्तेर (आना आमेंदोला) पडद्यावर दिसते, आवाज कोरा व्होकेरचा. दांग्लार हा आवाज ऐकतो आणि त्याचे कान टवकारतात. तिथेच निनीचा पत्ता कटायला सुरुवात होते, फक्त निनीला ते माहीत नसतं. 2001 च्या हॉलिवूडच्या ‘मुलाँ रूज’मध्येही हे गाणं वापरलंय, रूफस वेनराइटच्या आवाजात. कित्येकांनी ते आधी तिथेच ऐकलेलं असतं.

काफे-कॉन्सेर, कॅबरे, म्युझिक हॉल यांत फरक काय?

काफे-कॉन्सेरमध्ये पेय मागवायचं आणि बसल्या जागी गाणं ऐकायचं. तिकीट नाही, बिल फुगवलेलं. नाटकवाल्यांच्या हक्कांवर गदा येऊ नये म्हणून गायकांना वेशभूषा, नाच, नेपथ्य वापरायला मनाई होती. 1867 मध्ये ती सैल झाली आणि काफेवाल्यांना रान मोकळं मिळालं. त्यातून पुढे गाणं, नाच, जादू, कसरती, जनावरं असं सगळं एका छपराखाली दाखवणारे म्युझिक हॉल आले. फोली बेर्जेर 1869 चं. ऑलिंपिया 1893 मध्ये त्याच ओलेरने काढलं. कॅबरे त्या मानाने लहान, कवी आणि चित्रकारांच्या बैठकीसारखा. सिनेमात हे सगळे प्रकार भेटतात, फरक समजावून सांगायच्या फंदात कुणी पडत नाही.

एदित पियाफ यात आहे म्हणतात. मला दिसलीच नाही!

डोळे मिटायची खोटी, की जाते. अगदी छोटं काम आहे. राजपुत्र निनीकडे एकच मागणं मागतो: आठवण म्हणून फक्त एक संध्याकाळ. मग दोघं पॅरिसभर गाण्याच्या जागांवर फिरतात आणि त्या निमित्ताने 1950 च्या दशकातले गायक 1890 च्या दशकातल्या गायकांच्या वेशात येऊन जातात. पियाफ झाली आहे रस्त्यावर गाणारी युजेनी ब्युफे. पाताशू झाली आहे इव्हेत गिल्बेर, म्हणजे लोत्रेकच्या चित्रांतली ती लांब काळ्या हातमोज्यांची किडकिडीत गायिका. आंद्रे क्लावो झालाय पॉल देल्मे. पाताशूचा स्वतःचा कॅबरे माँमार्त्रमध्येच होता, गाण्यात साथ न देणाऱ्या गिऱ्हाइकांचे टाय ती कात्रीने कापायची. तेव्हा तिला या वातावरणाची सवय करून घ्यायची गरज नव्हती.

काही समीक्षकांना हा भाग ठिगळासारखा वाटतो. वेग मंदावतो, हे खरंच. पण तेवढ्यासाठी तो पळवून पुढे जाऊ नका.

ड्रेसिंग रूमचा प्रसंग: दांग्लार बरोबर की निनी?

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात.

उद्घाटनाची रात्र. थिएटर खच्चून भरलंय. निनीला दांग्लार एस्तेरसोबत दिसतो आणि ती खोलीत जाऊन दार लावून घेते. आई समजावते, बाकीच्या पोरी समजावतात. दांग्लार मला एकटीला मिळाला पाहिजे, नाहीतर मी नाचणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. मग दांग्लार येतो. आपण त्याच्या तोंडून माफीची, निदान मधाचं बोट लावण्याची वाट पाहतो. तो करतो उलटंच. चिडून, सगळ्यांच्या देखत सांगतो की मी काही पिंजऱ्यात ठेवायचा पक्षी नाही, मला काल लोला हवी होती, मग तू, आता एस्तेर, आणि खरं तर तुम्ही कुणीच नाही. मला हवं असतं ते तुमच्यातून उभं राहणारं काम. प्रेक्षक बाहेर थांबलेत, आपण त्यांचे चाकर. ज्याला हे जमत नाही त्याने हा धंदा सोडावा.

माणूस म्हणून तो निष्ठुर वागतो, यात शंका नाही. आज एखाद्या निर्मात्याने असं बोललं तर त्याची गय होणार नाही, होऊही नये. शिवाय वयाने तो तिच्या दुपटीचा आहे आणि तिची रोजीरोटी त्याच्या हातात आहे, हे सिनेमा सोयीस्करपणे बाजूला ठेवतो. पण तो खोटं बोलत नाही. राजपुत्र तिला राज्य देऊ करतो, पॉलो संसार देऊ करतो, आणि दोघांचीही अट एकच, नाच सोड. नाच सोडू नको म्हणणारा एकटा दांग्लार. निनी डोळे पुसते आणि बाहेर पडते ती त्याच्यासाठी नाही. तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहा, फ्रांस्वाज आर्नूलने तो क्षण फार नेमका धरलाय. तिला बँड ऐकू येतो आणि पाय ऐकेनासे होतात.

दांग्लार शेवटचा नाच पाहायला का जात नाही?

तो पडद्यामागे एकटा खुर्चीत बसतो आणि फक्त ऐकतो. पाय तालावर हलतोय, चेहऱ्यावर समाधान. कुठे टाळ्या पडतील हे त्याला आधीच ठाऊक आहे. तिकडे पोरी छतावरून दोरीने उतरतात, कागदी पोस्टर फाडून बाहेर येतात, प्रेक्षकांच्या टेबलांमधून धावतात. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यातली रेघच पुसली जाते. हा नाच दहाएक मिनिटं चालतो आणि तरी संपू नये असं वाटतं.

ज्याँ गाबँ इथे शोभतो का? तो तर गुंड आणि सैनिक करायचा ना?

उलट, तो इथे घरी आलाय. गाबँचे वडील काफे-कॉन्सेरमध्ये काम करत. त्याने स्वतः विशीच्या उंबरठ्यावर फोली बेर्जेरपासून सुरुवात केली आणि पुढे गायिका-नर्तकी मिस्तँगेतसोबत खुद्द मुलाँ रूजच्या रंगमंचावर नाच-गाणं केलं. रेन्वारसोबत त्याचे आधीचे तीन सिनेमे 1936 ते 1938 मधले, त्यातला ‘ला ग्रांद इल्यूजिओं’ जगभर गाजलेला. युद्धानंतर त्याची गाडी रुळावरून घसरली होती, 1954 मध्ये झाक बेकेरच्या गुन्हेगारीपटाने ती पुन्हा धावू लागली. हा बेकेर पूर्वी रेन्वारचा सहायक. ‘फ्रेंच कॅनकॅन’च्या वेळी गाबँ पन्नाशीला पोचला होता. चालण्यात जडपणा आलाय, पण बाईपुढे किंचित वाकून बोलण्याची त्याची लकब पाहिली की सावकारही याला उधार का देतात ते कळतं.

जाता जाता: निनीला वजा केलं तर सिनेमा खाऊन टाकते ती मेक्सिकोची मारिया फेलिक्स, लोलाच्या भूमिकेत. आणि एका कॅप्टनच्या लहानशा कामात तरुण मिशेल पिकोली आहे, ओळखा.

सगळं खोटं खोटं का दिसतं? रस्ते, पायऱ्या, आकाश…

कारण सगळं स्टुडिओत बांधलंय. नेपथ्य माक्स दुई, छायाचित्रण मिशेल केल्बेर, फिल्म टेक्निकलर. 1954 मध्ये टेकडीवर जाऊन 1889 सापडलं नसतंच. पण कारण तेवढंच नाही. रेन्वारचा जन्म 1894 चा, माँमार्त्रमधलाच. वडील चित्रकार ओग्युस्त रेन्वार, ज्यांनी याच टेकडीवरच्या ‘मुलाँ द ला गालेत’मधला नाच 1876 मध्ये रंगवला. पोराला आठवत होतं ते वडिलांच्या पिढीने रंगवून ठेवलेलं माँमार्त्र. हिरवट भिंतीपुढे एकच लालबुंद परकर, पिवळ्या उजेडात निळा झगा: रंग असे मोजून लावलेत. खऱ्या लोकेशनची सवय झालेल्या डोळ्यांना पहिली दहा मिनिटं अवघड जातात, मग सवय होते.

म्हणजे हा रेन्वार तोच, भारतात शूटिंग केलेला?

तोच. युद्धकाळात तो अमेरिकेला गेला, नंतर बंगालमध्ये हुगळीकाठी ‘द रिव्हर’ (1951) केला. त्याचा हा पहिला रंगीत सिनेमा. 1949 मध्ये जागा शोधायला तो कोलकात्यात आला असताना तरुण सत्यजित राय त्याच्यासोबत हिंडत होते. पुढे रायांचे कलादिग्दर्शक झालेले बन्सी चंद्रगुप्त त्या सिनेमावर राबले. त्यानंतर रोममध्ये एक सिनेमा, आणि मग पंधरा वर्षांनी मायदेशात हा. 1939 मध्ये त्याच्या ‘ला रेग्ल द्यू जू’वर फ्रेंच प्रेक्षक खवळले होते. परतल्यावर त्याने त्याच प्रेक्षकांना त्यांच्या आवडीची मेजवानी वाढली, आणि या वेळी त्यांनी ताट परत पाठवलं नाही.

मुलांसोबत पाहता येईल?

मोठ्या मुलांसोबत, हो. उघडंवाघडं फारसं नाही, पण विषय मोठ्यांचा आहे. नाचाच्या धंद्यात शिरलं की मालकाची मर्जी राखावी लागणारच, असं निनी गृहीत धरते आणि त्याआधी आपण होऊन पॉलोकडे जाते. दांग्लारला त्या वेळी फक्त तिच्या पायांतली चपळाई हवी असते. प्रसंग हलक्या हाताने घेतलाय, प्रश्न मात्र विचारले जातील.

आपल्या तमाशापटांशी काही साम्य?

थेट संबंध काही नाही. पण फडाचं अर्थकारण माहीत असलेल्या माणसाला यातलं फारसं काही परकं वाटणार नाही: मालकाच्या डोक्यावरचं कर्ज, पुढच्या रांगेतला पैसेवाला, नाचणारीवर हक्क सांगणारा गावातला पोरगा. फरक शेवटात. आपले बरेच तमाशापट नाचणारीला शेवटी पावन करून घेतात किंवा मारून टाकतात. इथे तिला पगार मिळतो.

मुलाँ रूज आज आहे का?

आहे, रोज रात्री खेळ होतो. मूळ वास्तू 1915 च्या आगीत गेली, आताची त्यानंतरची. एप्रिल 2024 मध्ये तिच्या पवनचक्कीचे पंखच एका रात्री खाली कोसळले. सुदैवाने कुणाला लागलं नाही, आणि जुलैत, ऑलिंपिकच्या आधी, नवे पंख बसले. तिकीट स्वस्त नाही.

हा आवडला. पुढे काय पाहू?

रंगमंच आणि आयुष्य यांच्या घोळावरचे रेन्वारचे तीन रंगीत सिनेमे एकत्र धरले जातात: आधीचा ‘द गोल्डन कोच’, मधला हा, आणि 1956 चा इंग्रिड बर्गमनचा ‘एलेना ए लेझ ओम’. तिन्ही एकाच डीव्हीडी संचात निघालेले आहेत. ‘गोल्डन कोच’ आधी घ्या, त्यातली नटी आना मान्यानी हिच्यासाठी. ‘एलेना’ तिन्हींत विस्कळीत, तो सवडीने बघितला तरी चालेल.